हीटर बंद करायची रीत

माझ्या उजव्या हाताची दोन बोटं टोकाला बधिर आहेत. गरम चहाचा पेला धरला तर अंगठ्याला चटका बसतो, त्या दोघांना पत्ता नसतो. डॉक्टर म्हणाले होते, हळूहळू जाण परत येईल. आली नाही. त्याचं मला फारसं वाईटही वाटत नाही. पेन्शन आहे, अंथुर्ण्यात घर आहे, लोणी देवकरच्या एका कारखान्याच्या गेटवर नोकरी आहे. आत येणाऱ्या ट्रकचा नंबर लिहायचा, बाहेर जाणाऱ्याचा लिहायचा. लोक विचारतात, फौजेत काय करत होता? मी सांगतो, ट्रक चालवत होतो. मग त्यांना बंदुकीच्या गोष्टी हव्या असतात. माझ्याकडं आहेत त्या डिझेलच्या, बॅटरीच्या आणि हीटरच्या. त्या ऐकायला कोणी थांबत नाही, आणि मीही कोणाला धरून बसवत नाही.

हीटर म्हणजे घरातला तारांचा नव्हे. आमच्या जुन्या ट्रकांच्या केबिनमध्ये सीटखाली एक हिरवा लोखंडी डबा असायचा, आडव्या ठेवलेल्या दुधाच्या कॅनएवढा. इंजिन बंद असलं तरी तो चालायचा. टाकीतलं डिझेल थेंबथेंब ओढून घ्यायचा, आतला प्लग लाल होऊन ते पेटवायचा आणि पंखा गरम हवा केबिनमध्ये सोडायचा. धूर वेगळ्या पाइपानं खालून बाहेर. बटण दाबलं की आधी पंख्याची घरघर, मग पंपाची टिकटिक, आणि दोनेक मिनिटांनी आतून 'भुस्स' असा आवाज. तो आला की पेटला म्हणायचं. लेहच्या पुढं, जिथं सीटवर ठेवलेल्या बाटलीतलं पाणी सकाळी गोठून वाजतं, तिथं त्या भुस्सची वाट बघण्यात आमचा बराच जन्म गेला.

माझ्या ट्रकवरचा दुसरा ड्रायव्हर सुप्याकडचा होता. एवढ्या लांब बारामतीच्या आसपासचा माणूस भेटणं म्हणजे घरून डबा आल्यासारखं. तो माझ्याहून चार वर्षांनी लहान, नोकरीतही मागचा, म्हणून मला उस्ताद म्हणायचा. फौजेत शिकवणाऱ्याला उस्तादच म्हणतात. घरी आल्यावरही त्यानं ते सोडलं नाही, मधले काही दिवस सोडले तर. ते पुढं येईलच. आमचं भांडण एकच असायचं. अंथुर्ण्याला कालवा, ऊस, दारात ट्रॅक्टर. त्याच्याकडं सगळं जिरायत, उन्हाळ्यात टँकर.

"तुमचं काय उस्ताद, पाण्याची दारं धरली की झालं," तो म्हणायचा. "आमी ढगाकडं बघून बघून माना वाकड्या करून घेतल्या."

"म्हणून तर तुला गाडी सरळ चालवता येत न्हाय," मी म्हणायचो. "ट्रॅक्टरवर बसून मोठा झाला असतास तर आला असतास वळणावर."

तो हसायचा. मी ट्रॅक्टरचा तोरा बराच मिरवला, आणि जे झालं ते ट्रॅक्टरमुळंच झालं.

आमच्या वडिलांची एक शिस्त होती. इंजिन बंद केलं, खाली उतरलं, की पहिलं काम बॅटरीचं टर्मिनल काढणं. आमच्या भागात बहुतेक सगळेच काढतात. एखादा दिवा चालू राहतो, कुठं वायर पत्र्याला टेकलेली असते, आणि सकाळी फडात माणसं खोळंबून उभी आणि ट्रॅक्टर मुका. म्हणून टर्मिनलचा नट मुद्दाम ढिला ठेवलेला, हातानं ओढलं की निघावं असा. मी एकदा विसरलो होतो. त्या सकाळी वडिलांनी चार माणसांदेखत माझी जी काढली, ती मी विसरलो नाही. त्यानंतर उतरलो की हात आपसूक बॅटरीकडं जायचा. अजून जातो.

फौजेच्या ट्रकला टर्मिनल ओढावं लागत नाही. केबिनमध्येच मेन स्विचचं हँडल असतं, ते पाडलं की बॅटरीचा सगळा संबंध तुटतो. माझ्यासाठी ते सोयीचंच झालं. मुक्कामाला पोचलो की इंजिन बंद, दिवे बंद, हीटर बंद, मेन बंद. चार हालचाली, एका दमात. थंडीत बाकीच्यांच्या बॅटऱ्या बसायच्या, ट्रक ढकलून चालू करायला लागायचे. माझी बॅटरी कधी बसली नाही. एकदा साहेबांनी सगळ्यांसमोर माझं उदाहरण दिलं, गाडी सांभाळावी तर अशी. मी छाती पुढं काढून उभा होतो. जोडीदाराला तर मी पहिल्या आठवड्यातच शिकवलं, उतरलास की पहिलं मेन. त्यालाही सवय लागली, पण बहुतेक वेळा हँडल मीच पाडायचो. त्याच्या हाती सोडायला मला आवडायचं नाही.

दुसऱ्या हिवाळ्यात हीटर पेटायला वेळ लावू लागला. दोन मिनिटांचे चार झाले, चाराचे सहा. सुरुवातीला पांढरा धूर सोडायचा, केबिनमध्ये कच्च्या डिझेलचा वास यायचा.

"उस्ताद, ह्यो खोकाय लागलाय. वर्कशॉपला दाखवायचा का?" जोडीदारानं दोनदा विचारलं.

"एवढ्या थंडीत तूबी खोकतोस. तुला दाखवतो का मी?" असं मी म्हणालो होतो. विनोद करायची मला भारी हौस होती तेव्हा.

मग तो दिवस. आमचा ताफा दुपारी खिंडीच्या अलीकडं अडकला. पुढं बर्फ घसरून रस्त्यावर आलं होतं. रस्ता कधी मोकळा होईल सांगता येत नव्हतं, म्हणून डिझेल पुरवायला इंजिनं बंद ठेवायचा हुकूम आला. असल्या वेळेसाठीच तर हीटर असतो. जोडीदार फावडं घेऊन पुढं मदतीला गेला आणि दोन तासांनी परत आला. बुटात बर्फ शिरून वितळलं होतं, मोजे पिळले तर पाणी निघालं.

"उस्ताद, हीटर लावा. पाय वाळवतो."

मी बटण दाबलं. घरघर झाली, टिकटिक झाली. भुस्स झालं नाही. पांढरा धूर आला आणि सगळं थांबलं. परत दाबलं. परत तेच. मी हातमोजे काढले, खाली वाकून डिझेलचा पाइप सोडवला. डिझेल येतंय का बघितलं. येत होतं. माझ्या बोटांवर आलं, थंडगार. ही दोन बोटं तिथली. पाइप परत बसवला आणि बटण दाबत राहिलो. आता लागंल, आता लागंल, असं म्हणत मी किती वेळ घालवला ते मला नीट सांगता येणार नाही, पण उजेड होता तो मावळला. मागच्या ट्रकचा हीटर चालू होता. तिथं चौघं दाटीवाटीनं बसले होते, पाचवा मावला असता. मी त्याला तिकडं पाठवलं ते फार उशिरा. माझी गाडी, माझा हीटर, तो लागणारच, हे डोक्यातून जात नव्हतं. बॅटरी मात्र ठणठणीत होती.

त्याच्या डाव्या पायाची तीन बोटं काढावी लागली.

मला तेव्हा काय वाटलं, हे लोक विचारत नाहीत, पण मीच स्वतःला विचारून बघितलंय. काही वाटलं नाही. मी बिछाना आवरला, गाडी धुतली, हजेरी दिली. वर्कशॉपमधल्या मेकॅनिकनं हीटर खोलला तर आत काजळी दगडासारखी घट्ट झालेली. प्लग तर ओळखू येत नव्हता. तो म्हणाला, डिझेल खराब असेल, नाहीतर गोठलं असेल. कागदावर तसंच लिहिलं गेलं. डिझेल माझ्या बोटांवर आलं होतं, हे मी बोललो नाही. विचारलंच नव्हतं कोणी. मी सही केली.

पुढं दोन महिन्यांनी मला गाड्यांच्या देखभालीच्या एका छोट्या कोर्सला पाठवलं. तिथं टेबलावर तसलाच एक हीटर कापून मांडलेला होता. शिकवणाऱ्यानं छडीनं दाखवलं. बटण बंद केलं की डिझेल थांबतं, पण पंखा थांबत नाही. तो आणखी तीनेक मिनिटं चालतो आणि मग आपोआप थांबतो. त्या तीन मिनिटांत आतलं तापलेलं लोखंड निवतं, उरलेली वाफ आणि काजळी बाहेर फेकली जाते. त्याआधी मेन पाडला तर पंखा मरतो, धग आत कोंडते, उरलंसुरलं डिझेल भाजून त्याचा कोळसा होतो. एकदा झालं तर काही होत नाही. रोज झालं तर हीटर संपला. वर्गातले सगळे लिहून घेत होते. मीही लिहिलं, 'पंखा थांबेपर्यंत मेन बंद करू नये', आणि त्याखाली रेघ मारली. ती वही अजून घरात आहे.

त्या वेळी जोडीदार पुण्याच्या दवाखान्यात होता. सुट्टीवर आलो तेव्हा मी पिशवीभर पेरू घेऊन त्याला भेटायला गेलो. मनात होतं की सांगायचं. त्यानं एक पेरू शर्टाला पुसला, चावा घेतला आणि म्हणाला, "उस्ताद, डिझेलनं दगा दिला आपल्याला."

"व्हय," मी म्हणालो.

बस. एवढंच. बाकी पेरू शेजारच्या पेशंटांना वाटून टाकले.

त्याला फौजेतून घरी पाठवलं. त्यानं सुप्याजवळ स्वतःच्या रानात कोंबड्यांची शेड घातली. कंपनी पिल्लं देते, खाद्य देते, आणि मोठी झाली की घेऊन जाते. जिरायतीत दुसरं करणार काय? मीही पुढं निवृत्त झालो. येणं-जाणं चालू राहिलं. त्याची बायको मला भावजी म्हणते. त्याच्या घरी काही कार्य असलं की मी पाहुण्यांत असायचो, आणि कोणीतरी हमखास त्याच्या पायाचं विचारायचं. तो सांगायचा, "डिझेल गोठलं. उस्तादांनी लई खटाटोप केला, बोटं बधिर करून घेतली सोताची. पर डिझेल गोठल्यावर माणूस काय करनार?" मग लोक माझ्याकडं बघायचे. मी मूग गिळून बसायचो. इतकी वर्षं ऐकून ऐकून मला ती गोष्ट खरीच वाटायला लागली होती.

गेल्या हिवाळ्यात त्याचा पिल्लांचा एक लॉट गेला. लहान पिल्लांना पहिले दहा-बारा दिवस ऊब लागते. तो बल्ब लावायचा. ऐन गारठ्यात वीज गेली, ती दीड दिवस आली नाही. पिल्लं उबेसाठी एकमेकांवर चढतात, खालची गुदमरून मरतात. पोती भरून पुरावी लागली. कंपनीच्या डॉक्टर मॅडमनी स्पष्ट सांगितलं, पुन्हा असं झालं तर पिल्लं बंद. शेड रिकामी झाली तर एक पाय धड नसलेल्या माणसानं खडकाळ रानात काय पिकवायचं, हा प्रश्न त्यानं मला फोनवर विचारला होता.

या जानेवारीत त्याचा परत फोन आला. तो बारामतीत भंगाराच्या दुकानात होता, पिल्लांभोवती लावायला पत्रे बघायला गेलेला. दुकानदारानं लिलावात फौजेचा एक जुना ट्रक घेतला होता, तो कापून पाण्याचा टँकर करणार होते. केबिनमधलं सामान बाहेर टाकलं होतं.

"उस्ताद, आपला डबा हाय हितं," तो म्हणाला. त्याचा आवाज इतका खुशीत मी बऱ्याच वर्षांत ऐकला नव्हता. "तसलाच हिरवा. शेडला लावला तर? ईज गेली तरी चालतोय त्यो."

मी रजा टाकून गेलो. दुकानदार म्हातारे, सगळे त्यांना चाचा म्हणतात. त्यांनी हीटर माझ्यापुढं ठेवला आणि म्हणाले, "चालतुया का न्हाय ठावं न्हाय बरं. तुमी फौजी मानसं, तुमचं तुमी बगा." मी पंखा बोटानं फिरवला. फिरला. त्या बधिर बोटांनीच फिरवला, सवयीनं.

दोन दिवस आम्ही त्याच्या अंगणात बसून हीटर खोलत होतो. पिल्लं चौथ्या दिवशी येणार होती. आतली नळी काढली तर काजळीची ढेकळं पडली. तसलीच. त्या ट्रकवरच्या माणसालाही बॅटरी वाचवायची सवय असणार. जोडीदारानं एक ढेकूळ उचललं, बोटांत चुरगाळलं.

"एवढी काजळी कशानं धरती ओ ह्याला?"

"डिझेल," मी म्हणालो. विचार करायच्या आधीच बोललो. ओठांवरच ठेवलेलं होतं ते.

"तेच म्हनतो मी," तो म्हणाला आणि पत्र्याच्या पट्टीनं खरवडायला लागला.

काम मात्र आम्ही चोख केलं. काजळी काढली, प्लग नवा घातला. आतल्या लोखंडाला कुठं चीर असेल तर धूर शेडमध्ये येऊन पिल्लं मरतील, म्हणून मोबाइलचा दिवा आत घालून, वर घोंगडं पांघरून बाहेरून उजेड दिसतो का बघितलं. कुठं दिसला नाही. धुराचा पाइप भिंतीतून बाहेर काढला. दोन बॅटऱ्या जोडल्या, कारण हा डबा चोवीस व्होल्टवर चालतो. शेडमध्ये भाताचं तूस पसरलेलं, पत्र्याची रिंगणं मांडलेली, पडदे सोडलेले. त्यानं बटण दाबलं. घरघर. टिकटिक. आम्ही दोघं उभे. मग भुस्स झालं.

त्यानं माझ्या पाठीवर थाप मारली. चप्पल काढली आणि तो डावा पाय गरम हवेपुढं धरला. उरलेली दोन बोटं हलवून बघितली. "लागला बघा," म्हणाला. मला तिथून निघून जावंसं वाटलं. काम झालं होतं. जाऊही शकलो असतो.

तासाभरानं त्यानं बटण बंद केलं. टिकटिक थांबली, पंखा चालू होता. आणि त्याचा हात बॅटरीकडं गेला. टर्मिनलचा नट त्यानं ढिलाच ठेवला होता, हातानं ओढलं की निघावं असा. मी त्याचं मनगट धरलं.

"थांब."

"काय झालं?"

"पंखा चालू हाय अजून. त्यो आपोआप थांबू दे."

"बॅटरी उतरंल की. तुमीच शिकिवलंय न्हवं, उतरलास की पैलं मेन."

"त्ये चुकीचं व्हतं," मी म्हणालो.

मग मी सगळं सांगितलं. छडीवाल्या शिक्षकानं सांगितलं होतं त्याच क्रमानं, त्याच शब्दांत, कारण दुसरे शब्द मला सुचेनात. धग आत कोंडते. डिझेल भाजतं. काजळी धरते. प्लग मरतो. तो हीटरकडं बघत होता, माझ्याकडं नाही. पंखा फिरत होता. हळूहळू त्याचा आवाज बारीक झाला आणि थांबला. बाहेर कुठंतरी पाण्याची मोटर चालू होती, ती ऐकू यायला लागली.

"म्हंजी तवा आपुन रोज..." तो म्हणाला.

"मी. मेन मी पाडायचो."

"आन डिझेल?"

"डिझेल येत व्हतं. माज्या बोटांवर आलं व्हतं."

त्यानं मनगट सोडवून घेतलं. मग विचारलं, "ह्ये कवा कळलं तुमाला?"

इथं मला खोटं बोलता आलं असतं. मोबाइलवर बघितलं, कालच कळलं, असं काहीही. "तू दवाखान्यात व्हतास तवा," मी म्हणालो.

"पेरू घिऊन आलावता, तवा म्हाईत व्हतं?"

"व्हय."

त्यानं मान हलवली. मग वाकून टर्मिनल ओढून काढलं. पंखा थांबल्यावर काढलं तर चालतं, असं मी सांगितलं. कोणी विचारलं नव्हतं. त्याची बायको चहा घेऊन दारात आली होती. तो तिला म्हणाला, "ह्यांना निगायचंय."

उस्ताद म्हणाला नाही. मी चहा न घेता निघालो. त्या घरातून चहा न घेता मी कधी निघालो नव्हतो. वहिनी मागून "भावजी, आवो भावजी" म्हणत राहिल्या. उंडवडीच्या पुढं मी मोटारसायकल बाजूला घेतली आणि आता रडू येईल म्हणून वाट बघत बसलो. आलं नाही. भूक लागली होती. टपरीवर दोन वडापाव खाल्ले, आणि त्याची मला फार लाज वाटली. तेवढी एक गोष्ट मला त्या दिवशी वाटली.

पिल्लं आली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता मी गेटवर असताना त्याचा फोन आला. मी हॅलो म्हणालो. तिकडून कोणी बोललं नाही. आधी टिकटिक ऐकू आली, मग ती थांबली, आणि नुसती पंख्याची घरघर राहिली. मागं पिल्लांचा चिवचिवाट. मी दोनदा नाव घेऊन हाक मारली. पंखा चालत राहिला, चालत राहिला, बारीक होत थांबला. मग फोन बंद झाला. मी घड्याळ बघितलं नव्हतं, पण मला माहीत होतं किती वेळ झाला ते.

दुसऱ्या दिवशी परत नऊला. तिसऱ्या दिवशी परत. ऊन वर आलं की शेड तापते, तेव्हा तो हीटर बंद करत असणार, आणि बंद करताना मला फोन लावून तो डब्याशेजारी ठेवत असणार. एक शब्द बोलायचा नाही. नऊला आमच्या गेटवर गाड्यांची गर्दी असते. ड्रायव्हर हॉर्न वाजवायचे, मी डाव्या हातानं फोन कानाला लावून उजव्यानं नंबर लिहायचो. कोणाचा फोन, असं दुसऱ्या पहारेकऱ्यानं विचारलं. मी म्हणालो, मित्राचा. काय म्हणतोय? मी म्हणालो, काही नाही. ती तीन मिनिटं फार मोठी असतात. शिक्षा म्हणून तो करत होता का, मला माहीत नाही. शिक्षा असेल तर मला ती मान्य होती. सकाळी साडेआठपासून मी फोन खिशातून काढून टेबलावर ठेवायला लागलो.

पाचव्या दिवशी पंख्याच्या आवाजात खरखर आली. मी म्हणालो, "हवा घेतो तिथल्या जाळीत तूस अडकलंय. पंख्याला लागतंय. काढून टाक, न्हायतर पंखा अडकंल." पंखा खरखरत थांबला, फोन कट. तो सबंध दिवस मी अस्वस्थ होतो. सहाव्या दिवशी नऊला फोन आला, आणि पंखा स्वच्छ चालत होता.

असे बारा दिवस. तेराव्या दिवशी फोन आला नाही. पिल्लांना पिसं आली असणार, आता ऊब लागत नसणार, हे मला कळत होतं. तरी मी अकरा वाजेपर्यंत फोन समोर ठेवून बसलो. मग आत कुठंतरी दुखायला लागलं. दवाखान्यात दुखलं नव्हतं, कोर्समध्ये दुखलं नव्हतं, ते आता गेटवरच्या खुर्चीत बसून दुखायला लागलं. दोन ट्रकांचे नंबर मी चुकीचे लिहिले.

पुढच्या रविवारी वहिनींचा फोन आला. "भावजी, उद्या कंपनीच्या मॅडम येनार हायत लॉट बगायला. ह्ये म्हनत्यात, तुमी या." ह्ये म्हणजे तो. मी विचारलं, तो स्वतः म्हणाला का? त्या म्हणाल्या, "आता मी काय मनानं सांगतीया का?"

मी गेलो. त्यानं शेडच्या दारातूनच मान हलवली. मॅडम आत रिंगणाजवळ उभ्या होत्या, हातात वही. पिल्लं सगळीकडं सारखी पसरलेली होती. ऊब पुरली की ती अशी पसरतात, कोपऱ्यात गोळा होत नाहीत. मेलेली फार नव्हती. मॅडम म्हणाल्या, पुढचा लॉट वेळेवर येईल. त्यानं नुसतं "बरं" म्हटलं, आणि तो खाद्याची भांडी मांडायला लागला.

मग मॅडमनी हीटर बघितला, हा कुठून आणला विचारलं, आणि त्याच्या चालण्याकडं बघून सहज म्हणाल्या, "पायाला काय झालं होतं हो तुमच्या? कधी विचारायचं राहूनच गेलं."

मी त्याच्याकडं बघितलं. ती गोष्ट त्याला पाठ होती. त्यानं खाद्याची बादली उचलली आणि पिल्लांकडं वळला.

"ह्यांना इचारा," तो म्हणाला. "आमचं उस्ताद हायत."

मॅडम माझ्याकडं वळल्या. मी ट्रॅक्टरपासून सुरुवात केली. टर्मिनल, मेन, पंखा, तीन मिनिटं. पेरूंपर्यंत आलो आणि थांबलो. मॅडमनी वही बंद केली.

त्यानं पाठमोऱ्यानंच शेवटचं भांडं भरलं, बादली खाली ठेवली आणि म्हणाला, "डिझेल चांगलं व्हतं, मॅडम."